निर्विकार परीक्षक

परीक्षेच्या बाबतीत आपला महाराष्ट्र मोठा अनुभवी आहे. एका निकालाने घराची कळा पालटते आणि दुसऱ्याने ती उतरते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेल्या या समाजाने परीक्षकालाही पुरते ओळखून ठेवले आहे : तो कोणते प्रश्न आलटून-पालटून घालतो, अक्षर सुवाच्य असले म्हणजे त्याचे मन कसे द्रवते, उत्तर येत नसले तरी चार ओळी लिहून ठेवल्यास एखादा गुण पदरात कसा पडतो, आणि एवढे करूनही गाडी अडलीच तर ग्रेसची तरतूद कोणत्या नियमाखाली आहे. विद्यार्थी, पालक, शिकवणीवाले आणि अपेक्षित प्रश्नसंचांचे प्रकाशक या सर्वांचा व्यवहार, परीक्षक हा माणूस आहे आणि माणूस म्हटला की तो वळवता येतो, या एका गृहीतावर बिनतक्रार चाललेला असतो. विद्यापीठाच्या दफ्तरी नोंदलेल्या अनेक पदव्यांपैकी एका पदवीने मात्र हे गृहीत पहिल्याच सत्रात मोडीत काढले. संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर बसलेला परीक्षक अक्षर पाहत नाही, आडनाव विचारत नाही, अंशतः बरोबर उत्तराला अर्धा गुण देत नाही. ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला एवढ्या एका कारणावरून तो साठ ओळींचा प्रोग्रॅम नामंजूर करतो, आणि सेमीकोलन घातल्यावर, मागचे काही मनात न ठेवता, तोच प्रोग्रॅम मुकाट्याने मंजूर करतो.

या निर्विकार परीक्षकाशी गाठ पडणे, त्याच्या शिस्तीत तीन-चार वर्षे काढणे आणि अखेरीस त्याच्याही अधिकाराची मर्यादा ओळखणे, हे या पदवीचे खरे शिक्षण होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिच्याकडे केवळ नोकरीचा परवाना म्हणून पाहणाऱ्यांना हे शिक्षण दिसत नाही. आणि ज्यांनी ते द्यायचे त्या संस्थांनीही गेल्या चाळीस वर्षांत त्याला बगल देण्याच्या अनेक वाटा तयार करून ठेवल्या आहेत. त्या वाटांची हकिगत सांगण्यापूर्वी ही पदवी कोठून आली हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

*

संगणकशास्त्र विद्यापीठात आले ते मागल्या दाराने. आधी यंत्र आले, मग ते चालवणारी माणसे लागली, मग त्या माणसांना शिकवण्याची सोय करावी लागली, आणि हे सर्व स्थिरस्थावर झाल्यावर, यात शास्त्र ते कोणते, असा प्रश्न विद्वानांना पडला. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांचा ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी चालू झाला, आणि १९५३ साली त्याच विद्यापीठाने या विषयाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, यंत्राच्या खोलीतून फितीवर छिद्रे पाडण्याच्या खोलीकडे ये-जा करताना जिन्याच्या वळणावर त्यांना एकाएकी उमगले, की आपल्या उरलेल्या आयुष्यातला बराचसा काळ आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. ज्या विद्येच्या आद्य आचार्यालाच असा साक्षात्कार व्हावा, त्या विद्येत विद्यार्थ्याने कोणत्या तयारीने उतरावे, हे निराळे सांगावयास नको.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला, आणि मार्च १९६८ मध्ये ‘असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी’ या संस्थेने पदवीच्या आदर्श अभ्यासक्रमाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात प्रोग्रॅमिंग तर होतेच, पण त्याच्या जोडीला तर्क, संच आणि आलेख यांचे गणित, माहितीच्या मांडणीचे प्रकार, यंत्राची अंतर्रचना, अनुवादक प्रोग्रॅम यांनाही मानाचे स्थान दिलेले होते. आज पुण्यात, कोल्हापुरात वा नांदेडात जो अभ्यासक्रम ‘नवा पॅटर्न’ म्हणून दर काही वर्षांनी जाहीर होतो, त्याची वंशावळ मागे नेत गेल्यास ती बव्हंशी या मसुद्याशी जाऊन भिडते. यंत्राचा उपयोग शिकवावा की यंत्रामागचा विचार, हा वादही त्याच वेळेपासूनचा आहे, आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी अभियंत्यांनी बांधलेला संगणक कार्यान्वित झाला आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. तो होता मात्र संशोधकांच्या कामाचा. सर्वसामान्य अभियांत्रिकी विद्यार्थ्याला संगणक शिकवण्याचा उपक्रम पद्धतशीरपणे रुजला तो कानपूरच्या आयआयटीत. अमेरिकन विद्यापीठांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेत ऑगस्ट १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे यंत्र आले, ‘फोरट्रान’ ही भाषा शिकवणारे वर्ग भरू लागले, आणि व्ही. राजारामन यांच्यासारख्या अध्यापकांनी भारतीय विद्यार्थ्यांना परवडतील अशी पाठ्यपुस्तके लिहिली. याच संस्थेत १९७८ च्या सुमारास संगणकशास्त्राचा स्वतंत्र बी.टेक. अभ्यासक्रम उभा राहिला.

त्या काळातला यंत्ररूपी परीक्षक दुर्मीळ होता, म्हणूनच त्याचा वचकही मोठा होता. प्रोग्रॅमची एकेक ओळ ८० रकान्यांच्या एकेका कार्डावर छिद्रे पाडून लिहावयाची, कार्डांचा गठ्ठा क्रम न चुकवता संगणक केंद्राच्या खिडकीवर द्यावयाचा, आणि निकालाचा कागद हाती येईपर्यंत वाट पाहावयाची. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर सारी यातायात पुन्हा पहिल्यापासून. साहजिकच विद्यार्थी गठ्ठा देण्यापूर्वी कागदावर पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळ स्वतः यंत्र होऊन चालवून पाहत असे. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचा स्वस्त, या अर्थशास्त्राने जी विचाराची सवय लावली, ती नंतरच्या काळात यंत्र स्वस्त झाल्यावर कोणत्याही अभ्यासमंडळाला हुकूम काढून लावता आली नाही.

*

महाराष्ट्रात ही पदवी घरोघर पोचली ती दोन निर्णयांमुळे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली, आणि १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधी सरकारच्या संगणक धोरणाने यंत्रांच्या आयातीवरील बंधने सैल केली. तत्पूर्वी मोजक्या सरकारी आणि जुन्या संस्थांपुरते असलेले तांत्रिक शिक्षण साखर कारखान्यांच्या आणि शिक्षण संस्थांच्या मुलखात विस्तारले. पुण्याला तर या विस्ताराचे मुख्य ठाणेच म्हणावे लागेल : १९८१ मध्ये येथे टाटांचे संगणक संशोधन केंद्र निघाले होते, १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक येथेच सिद्ध झाला. नव्वदीच्या दशकात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, आणि मुलगा ‘कॉम्प्युटरला’ आहे हे वाक्य लग्नाच्या बैठकीत स्थावर मालमत्तेच्या तोलाने उच्चारले जाऊ लागले.

या पदवीच्या वाटा दोन. चार वर्षांची बी.ई., जिच्यासाठी सीईटी, कॅप राउंड आणि भरभक्कम फी यांतून जावे लागते. आणि तीन वर्षांची बी.एस्सी. संगणकशास्त्र, जी जुन्या विज्ञान महाविद्यालयांतील विनाअनुदानित तुकड्यांत शिकवली जाते आणि जिला मुले नुसते ‘बीसीएस’ म्हणतात. समाजाने पहिलीला प्रतिष्ठा दिली, दुसरीला किफायत. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र दुसरी काही बाबतींत अधिक सोवळी निघाली. तिच्यात गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स हे जोडविषय निष्ठेने शिकवले जात, आणि पुण्याच्या बीसीएसवाल्यांना लिनक्सवर ‘सी’ आणि ‘पोस्टग्रेस’ची सवय लागत असे, तेव्हा राज्यातल्या कित्येक अभियांत्रिकी प्रयोगशाळांत ‘टर्बो सी’चा निळा पडदा, त्याच्या निर्मात्यांनी त्याकडे पाठ फिरवून वर्षे लोटली तरी, उजळत होता.

*

आता या तीन-चार वर्षांत शिकवतात तरी काय, हे पाहू. प्रथम वर्षी ‘सी’ भाषा येते आणि तिच्याबरोबर पॉइंटर. स्मृतीतील एखाद्या जागेत मूल्य ठेवणे निराळे आणि त्या जागेचा पत्ता ठेवणे निराळे, हा भेद ऐकावयास सोपा. परंतु पत्ता चुकला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द पडद्यावर टाकून यंत्र मौन धरते, आणि दोष कोठे याचा तपास रात्री होस्टेलच्या खोलीत चालू राहतो. बारावीपर्यंत ज्याने प्रत्येक चुकीचे खापर पेपर काढणाऱ्यावर, तपासणाऱ्यावर वा नशिबावर फोडले, त्याला येथे प्रथमच कळते की दोष आपल्या ओळींत आहे, तो शोधल्याशिवाय सुटका नाही, आणि तो सापडतो.

दुसऱ्या वर्षी ‘डेटा स्ट्रक्चर्स’ येतात. दहा लाख नावांची मतदारयादी अकारविल्हे लावलेली असेल, तर मधले नाव पाहून अर्धी यादी सोडून द्यावी, उरलेल्या अर्ध्या यादीचे पुन्हा मधले नाव पाहावे, आणि असे करीत गेल्यास जास्तीत जास्त २० तुलनांत हवे ते नाव सापडते अथवा ते यादीत नाही हे निश्चित होते. यादी दुप्पट झाली तर एक तुलना वाढते, अधिक नाही. वेगवान यंत्र विकत घेण्यापेक्षा बरी युक्ती शोधणे स्वस्त पडते, हा या विषयाचा मूलमंत्र येथे विद्यार्थ्याच्या हाती येतो. पुढे एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या सिद्धान्तावर उभे असलेले डेटाबेस येतात, ज्यांत एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदावी, म्हणजे दोन नोंदींत तंटा होणार नाही, ही दफ्तरदारीची जुनी अक्कल गणिताच्या काटेकोरपणाने शिकवली जाते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘डेडलॉक’ येतो : एका भावाने सातबारा दाबून धरावा, दुसऱ्याने वाटणीपत्र, आणि समोरच्याने आधी सोडल्याखेरीज मी सोडणार नाही असे दोघांनीही म्हणावे, म्हणजे तंटा जसा जन्मभर तसाच राहतो, तशी यंत्रातील दोन कामे परस्परांची वाट पाहत गोठतात, ही स्थिती कोणत्या चार अटी जुळल्या म्हणजे येते, आणि त्यांपैकी एक मोडली म्हणजे कशी टळते, हे विद्यार्थी सिद्ध करावयास शिकतो.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास विद्यार्थी ज्याला धास्तावून ‘टीओसी’ म्हणतात तो संगणनाचा सिद्धान्त येतो. नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग काय, अशी तक्रार दर वर्षी नव्याने होते. परंतु या पदवीचा कळस मी यालाच मानतो. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली, एकही आधुनिक संगणक अस्तित्वात नसताना, जे सिद्ध केले त्याचा पुढे रूढ झालेला आशय असा, की दिलेला प्रोग्रॅम दिलेल्या माहितीवर केव्हातरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे सर्वच प्रोग्रॅमांच्या बाबतीत अचूक सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. अद्याप सापडलेली नाही असे नव्हे. असूच शकत नाही. तीन वर्षे ज्या परीक्षकापुढे मान तुकवली, त्याच्या अधिकारक्षेत्राची हद्द येथे गणिताने आखून दिलेली आहे.

*

असा हा परीक्षक आमच्या शिक्षणसंस्थांनी माणसाळवला तो कसा, हे पाहण्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डोकावावे. विद्यार्थी आत येतो, टेबलावरील चिठ्ठ्यांतून आपली ‘स्लिप’ उचलतो, तीवरचा प्रोग्रॅम कागदावर लिहितो, मग यंत्रावर चढवतो, आणि बाहेरून आलेल्या ‘एक्स्टर्नल’ना आउटपुट दाखवतो. योजना निर्दोष आहे. परंतु स्लिपा ठरलेल्या असतात, वरच्या वर्गातल्यांनी त्यांची उत्तरे झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेली असतात, आणि स्लिपेचा क्रमांक पाहताच बोटे आपोआप चालू लागतात. ज्या यंत्राला पाठांतर आणि आकलन यांतला भेद कळत नाही, त्याच्यापुढे पाठ केलेला प्रोग्रॅमही तितक्याच बिनचूकपणे चालतो. जर्नलची गत याहून निराळी नाही. प्रोग्रॅम हाताने उतरवून काढावयाचे, त्यांवर सही घ्यावयाची, सही नसलेल्यांची नावे ‘डिफॉल्टर’ म्हणून फळ्यावर लागावयाची. असा हा शिरस्ता, ज्यात नक्कल हाच अभ्यास ठरतो. अप्पा बळवंत चौकात अभ्यासक्रमाबरहुकूम, युनिटवार छापलेली पुस्तके मिळतात, ज्यांत मूळ ग्रंथांतील युक्तिवाद गाळून उत्तरे तेवढी ठेवलेली असतात. शेवटच्या वर्षाचा ‘प्रोजेक्ट’ तयार विकत मिळतो, अहवाल व सोनेरी अक्षरांच्या बांधणीसह.

याचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर लादणे न्यायाचे नाही. जेथे शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भागवल्या जातात, तेथे ठरलेली स्लिप हीच सर्वांची सोय असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींची अडचण आणखी निराळी. यंत्राचे तक्रारीचे शब्द इंग्रजी असले तरी मोजके असतात, आणि महिन्याभरात ते जालन्याच्या मुलीलाही मुंबईच्या मुलाइतकेच कळू लागतात. या एका स्थळी तरी दोघे समान पायरीवर उभे असतात. पण सिद्धान्ताचा पेपर पानेच्या पाने इंग्रजीत लिहावयाचा म्हटला की समजलेले सांगता येत नाही, आणि पाठांतराचा मार्ग अपरिहार्य होतो. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या संमतीने पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्यास आरंभ झाला, तो प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नोकरीच्या बाजारानेही शहाणपणाला फारसे उत्तेजन दिले नाही. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या पदवीधरांनाही सरसकट घेत आणि काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर कामावर रुजू करीत. तेव्हा संगणकाच्याच पदवीत चार वर्षे कशासाठी घालवली, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडला तर नवल नाही. तरी मागणी वाढतच गेली. परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या मूल्यांकनाच्या महाविद्यालयांना जागांची कमाल मर्यादा उठवून दिली, आणि संगणकाच्या तुकड्या ‘एआय’, ‘डेटा सायन्स’ अशा नव्या पाट्या लावून फुगू लागल्या.

*

आणि नेमक्या याच सुमारास परीक्षेचा पायाच हलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले, आणि स्लिपेवरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला असता चालणारा प्रोग्रॅम, टिपणांसह, क्षणार्धात देणारा एक लेखक विद्यार्थ्याच्या खिशात आला. यंत्राने लिहावे आणि यंत्रानेच मंजूर करावे, अशी ही व्यवस्था झाल्यावर मधल्या माणसाचे काम काय, आणि त्याला पदवी कशाची द्यावयाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास वर सांगितलेल्या मतदारयादीच्या युक्तीचाच पुढचा इतिहास पुरेसा आहे. यादी अर्धी-अर्धी करीत जाणारी ही रीत पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे शिकवली गेली, असंख्य परीक्षांत लिहिली गेली, ‘जावा’ या भाषेच्या अधिकृत ग्रंथालयातही अंतर्भूत झाली. तेथे ती सुमारे नऊ वर्षे रोज जगभर चालत होती, आणि २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की ती चुकीची आहे. यादीचा मध्य काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिचे दोन भाग केले जात होते. यादीत सुमारे १०७ कोटींहून अधिक नोंदी असल्या की ही बेरीज २१४ कोटींच्या पलीकडे, म्हणजे यंत्राच्या त्या प्रकारच्या पूर्णांकाच्या सीमेबाहेर जाऊन ऋण होई आणि प्रोग्रॅम कोसळे. इतकी प्रचंड यादी कोणी पूर्वी पुढे ठेवलीच नव्हती, म्हणून परीक्षकाने कधी हरकत घेतली नव्हती. चाचणीने चूक आहे एवढे दाखवता येते, चूक नाही असे कधीही नाही, हे डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने बजावून ठेवले होते ते याच अर्थाने. यंत्राचा रुकार म्हणजे ‘या माहितीवर चालले’ एवढाच दाखला; ‘बरोबर आहे’ हा निकाल माणसाला युक्तिवादानेच द्यावा लागतो.

म्हणजे या पदवीत दोन परीक्षा पहिल्यापासून होत्या. एक, चालते का. दुसरी, का चालते आणि कोठे चालणार नाही. पहिली यंत्र घेई, फुकट आणि निःपक्षपातीपणे, म्हणून सर्वांचे लक्ष तिच्यावर राहिले. दुसरी घेण्याचे काम ज्या जाबजबाबाकडे सोपवलेले होते, त्या ‘ओरल’ला आपण औपचारिकता करून टाकले : स्टॅक आणि क्यू यांतला फरक विचारावा, पाठ केलेली व्याख्या ऐकावी, पंचवीसपैकी एकवीस गुण द्यावेत, पुढचा बोलवावा. पहिली परीक्षा आता यंत्रानेच पार करून टाकली असल्याने तिच्या निकालावरून विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही. दुसरी तेवढी उरली आहे. प्रोग्रॅम कोणी का लिहिलेला असेना, तो समोर ठेवून विद्यार्थ्याला विचारावे, की ही ओळ काढली तर काय होईल, यादी रिकामी असली तर काय, दुप्पट झाली तर वेळ किती वाढेल, आणि हे तू कशावरून म्हणतोस. ज्याने पॉइंटरच्या पायी रात्री घालवल्या आहेत तो उत्तर देतो, आणि ज्याने केवळ उतरवून घेतले आहे तो दुसऱ्या प्रश्नावर थांबतो.

ही परीक्षा मात्र स्वस्त नाही. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीत प्रत्येकाला वीस मिनिटे द्यावयाची म्हटली तर एका विषयाला वीस तास लागतात, आणि ते तास विषयात मुरलेल्या, स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्या, रास्त पगारावर कायम नेमलेल्या शिक्षकाचे असावे लागतात. जागांची मर्यादा उठवण्याचा हुकूम एका कागदावर निघतो. असे शिक्षक घडवण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि ते काम कोणत्याही नव्या पाटीने होत नाही. चाळीस वर्षे यंत्राच्या निःपक्षपातीपणावर ही पदवी फुकट पोसली गेली. यापुढे तिचे मोल, साठातल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे जाणत्या माणसाची वीस मिनिटे खर्च करण्याची ऐपत आणि इच्छा ज्या विद्यापीठांत असेल तेथेच टिकेल. बाकीच्यांनी तिची प्रमाणपत्रे छापण्याचे काम यंत्राकडे सोपवावयास हरकत नाही.